शीर सापडत नाही, यात आईची चूक नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल त्यालाही संदर्भ लागेल. आई ६१ वर्षांच्या, जांबोटीकडच्या गावात राहतात, १२ वर्षांपासून शुगर आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला तुम्ही त्यांना बेळगावात आणता. मागच्या वेळी चार ठिकाणी टोचलं, शेवटी पंजाच्या मागून जेमतेम रक्त मिळालं. आईंना घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि पुढे आठ दिवस हात काळानिळा होता. सुई मारणारी मुलगी जाता जाता म्हणाली, ‘‘तुमच्या शिराच खराब आहेत.’’ आता आई म्हणतात, मेले तरी चालेल पण रक्त द्यायला येणार नाही.

मी २४ वर्षं लॅब टेक्निशियन आहे. आधी एका मोठ्या दवाखान्यात होते, आता शहरातल्या एका लहान लॅबमध्ये आहे. आधी त्या मुलीच्या वाक्याबद्दल बोलते, कारण सुईपेक्षा ते वाक्य आईंना जास्त लागलंय असं मला वाटतं. ‘शिरा खराब आहेत’ असं पेशंटला कधीच म्हणू नये. वय झालं की कातडीखालची चरबी आणि धरून ठेवणारा पदर सैल होतो, मग शीर सुईखालून सरकते. आम्ही तिला पळणारी शीर म्हणतो. खालची कातडी अंगठ्याने ताणून धरली की ती पळत नाही. ते काम सुई धरणाऱ्याचं आहे, आईंचं नाही. राहिलेल्या अडचणी बहुतेक त्या दिवसापुरत्या असतात: पोटात पाणी नाही, हात गार आहेत, माणूस घाबरलाय. घाबरलं की हातापायांच्या शिरा आवळतात. एक सुई चुकली की भीती वाढते, भीती वाढली की शीर आणखी आत जाते. चौथी सुई म्हणून पहिलीपेक्षा अवघड असते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नोकरीची पहिली वर्षं होती, बाहेर रांग लागलेली, आणि समोर खानापूरकडची एक म्हातारी. मी पाच वेळा टोचलं. बाजूच्या खोलीत माझ्यापेक्षा अनुभवी सिस्टर होत्या, त्यांना हाक मारायला मला कमीपणा वाटला. आजी एक शब्द बोलल्या नाहीत, तोंडात पदर धरून बसून राहिल्या. मला वाटलं, सोशिक आहेत. त्यानंतर त्यांच्या नावाची चिठ्ठी माझ्या टेबलावर पुन्हा कधी आली नाही. आज मी दोनदा टोचूनही रक्त आलं नाही तर थांबते आणि दुसऱ्याला बोलावते. चांगल्या लॅबमध्ये हाच नियम असतो. तुम्हीही तो मागू शकता. आवाज न चढवता, पण पहिल्या सुईच्या आधी सांगायचं: ‘‘दोन वेळा बघा, नाही मिळालं तर दुसऱ्या कुणाला बोलवा.’’ कोणताही जाणता टेक्निशियन याचा राग धरत नाही.

आता पाण्याबद्दल, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘उपाशीपोटी या’ म्हटलं की आपली बायामाणसं पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. उपास म्हणजे निर्जळी, अशीच सवय. आदल्या रात्री आठला जेवण, पहाटे उठून घरचं आवरणं, सकाळची बस, मग दवाखान्यातली रांग. माझ्यासमोर बसेपर्यंत साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे साडेचौदा तास पाण्याशिवाय. त्यात बस लागते म्हणून मुद्दाम पाणी टाळणाऱ्याही असतात. अशा हातात शीर चपटी होऊन बसते, बोटाला लागतच नाही. साध्या पाण्याने उपाशीपोटीची तपासणी बिघडत नाही. आदल्या दिवशी दिवसभर नीट पाणी, आणि सकाळी उठल्यापासून निघेपर्यंत दोन-तीन पेले. चहा नाही, सरबत नाही, फक्त पाणी. किडनी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की आईंना दर वेळी उपाशी आणायची गरज आहे का? तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी जेवूनही करता येते, दिवसात कधीही. किडनीची क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच, रक्तपेशी मोजणारी सीबीसी यांनाही सहसा उपास लागत नाही. उपाशीपोटीच्या साखरेला निदान ८ तास लागतात, आणि डॉक्टरांनी उपाशी लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) मागितलं असेल तर ९ ते १२ तास. पुष्कळ वेळा कागदावर सगळं एकत्र लिहिलेलं असतं म्हणून सरसकट उपाशी बोलावतात. या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, यातली कुठली तपासणी खरोखर उपाशी हवी आहे? नुसत्या एचबीएवनसीने भागत असेल तर आई भाकरी खाऊन, दुपारच्या उन्हात, ऊबदार हातांनी येतील. आणि उपास करावाच लागणार असेल तर त्या सकाळी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि डबा सोबत घ्या. गोळी घेऊन उपाशी रांगेत उभ्या राहिलेल्या बाईची साखर खाली जाऊ शकते. तोही घाम आणि तीही चक्कर, आणि सगळे समजतात सुईला घाबरली. मागच्या वेळी आईंना अंधारी आली तेव्हा कुणी बोटावर साखर बघितली होती का? नसेल बघितली, तर पुढच्या वेळी असं झाल्यास आधी ती बघायला सांगा.

आणखी एक, जे बाया सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. तंबाखूच्या निपाणी पट्ट्यातच नव्हे, आपल्याकडेही कितीतरी बाया सकाळी उठल्यावर आधी मिश्री लावतात. उपाशी आहे म्हणतात, पण मिश्री झालेली असते. तंबाखूतल्या निकोटिनने शिरा आवळतात आणि बीपी वर जातं. आई लावत असतील तर मी उपदेश करणार नाही, तो विषय त्यांच्या डॉक्टरांशी शांतपणे बोलायचा आहे. पण त्या एका सकाळी रक्त देईपर्यंत थांबल्या तर शीरही बरी मिळेल आणि बीपीही खरं येईल.

थंडीचंही तसंच. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडून येणारी माणसं भिजलेल्या अंगाने येतात, डिसेंबरात मोटरसायकलवरून येणाऱ्यांचे हात बर्फासारखे असतात. आल्या आल्या नंबर लावू नका. दहा-पंधरा मिनिटं बसवा, हात शालीत गुंडाळून मांडीवर खाली सोडलेला ठेवा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पाच मिनिटं कोपरावर ठेवली तर फार फरक पडतो. मात्र १२ वर्षांची शुगर आहे, चटका कळायला उशीर होऊ शकतो, तेव्हा पिशवी आधी तुमच्या हाताला लावून बघा. शीर वर यावी म्हणून काही जण हातावर चापट्या मारतात किंवा मूठ सारखी उघड-मीट करायला लावतात. चापटीने दुखण्यापलीकडे फार काही होत नाही, आणि मूठ सारखी चालवली की पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो. मूठ एकदा हलकी मिटून धरली की पुरे. रबरी पट्टाही एका मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. शीर शोधण्यात वेळ गेला तर पट्टा सोडून, थोडं थांबून पुन्हा बांधायचा.

सुईबद्दल थोडं. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. नेहमीची २१ नंबरची, आणि बारीक शिरांसाठी २३ नंबरची बटरफ्लाय, जिला दवाखान्यात स्कॅल्प व्हेन म्हणतात. आईंसाठी ती मागा. रक्त आपोआप ओढून घेणाऱ्या व्हॅक्युम ट्यूबच्या ओढीने बारीक शीर चिकटते, तिथे सिरिंजने हळूहळू ओढलेलं चांगलं. पण सगळ्यात बारीक सुईचा हट्टही नको. फार बारीक सुईतून जोराने ओढलं तर रक्तपेशी फुटतात, नमुना वाया जातो आणि पुन्हा टोचावं लागतं. कोपराच्या खोबणीतली मधली शीर पहिली बघायची, मग अंगठ्याच्या बाजूची, मग पंजाच्या मागची. मनगटाच्या आतल्या बाजूला टोचू देऊ नका, तिथे मज्जातंतू अगदी वर असतात. शुगरच्या पेशंटच्या पायातूनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. टोचताना बोटांपर्यंत करंट गेल्यासारखी कळ आली तर आईंनी लगेच ओरडायचं, आणि सुई लगेच बाहेर काढायची. इथे सोसून बसायचं नाही.

पुष्कळ जणांना रक्त किती जातं याची धास्ती असते. ‘‘आधीच अंगात रक्त नाही, त्यात हे बाटल्या भरून नेतात.’’ तीन ट्यूब मिळून साधारण १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे. ५० किलो वजनाच्या बाईच्या अंगात सव्वातीन लिटरच्या आसपास रक्त असतं. रक्तदानात एका वेळी ३५० मिली घेतात. हा हिशेब आईंना घरी चमच्याने पाणी मोजून दाखवा. सांगण्यापेक्षा दाखवलेलं पटतं.

आता अंधारी येण्याबद्दल. सुई किंवा रक्त बघून काही जणांच्या हृदयाचे ठोके आणि बीपी एकदम खाली येतात, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. हा भित्रेपणा नाही, शरीराची ती धाटणी असते, आणि बऱ्याचदा घराण्यातही चालते. बेळगावात सैन्यभरतीसाठी येणारी, रोज दहा किलोमीटर पळणारी पोरं आधी तपासून घ्यायला आमच्याकडे येतात. त्यातलीही काही खुर्चीतून घसरलेली मी बघितली आहेत. आधी जांभया येतात, घाम सुटतो, मळमळतं, कानात गुंई आवाज येतो, लांबचं धूसर दिसतं.

यावर पहिला उपाय म्हणजे आईंचं रक्त आडवं झोपवूनच घ्यायचं. आधीच झोपलेला माणूस सहसा बेशुद्ध होत नाही, आणि झाला तरी पडून लागत नाही. खाट नाही असं म्हणाले तर थांबा, पण खुर्चीत घेऊ नका.

दुसरा उपाय घरी शिकवण्याचा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-यूरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात अशा लोकांसाठी एक पद्धत बसवली. मांड्या, पोट आणि ज्या हाताला सुई नाही तो हात, हे सगळं १०-१५ सेकंद घट्ट आवळून धरायचं, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग २०-३० सेकंद सोडायचं, पण अगदी ढिलं पडायचं नाही. असं पाच वेळा. त्याने बीपी खाली येत नाही. आपण सगळ्यांना ‘अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’ सांगतो. नुसती धडधड होणाऱ्याला ते बरं, पण चक्कर येणाऱ्याला ते उलट पडू शकतं. आईंना सांगताना मी म्हणेन, ‘‘मावशी, डोईवर भरलेली घागर घेऊन चढ चढताना अंग कसं आवळून धरतीस, तसं धर.’’ एवढं सांगितलं की समजतं. आईंना बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एरवीही अंथरुणातून उठताना त्यांना चक्कर येत असेल तर तेही सांगा, जुन्या शुगरमध्ये उभं राहताना बीपी उतरू शकतं, त्याचं कारण वेगळं असतं.

चक्कर आलीच तर आडवं करून पाय उशीवर उचला. कांदा हुंगवणं, हातात किल्ली देणं, तोंडात पाणी ओतणं, गर्दीने उठवून बसवणं यातलं काहीही नको. बेशुद्धीत हातपाय दोन-चार झटके मारतात, ती लगेच फीट समजू नका. बहुतेक जण मिनिटभरात भानावर येतात. मिनिटभरात भान आलं नाही, छातीत दुखलं किंवा डोकं आपटलं तर डॉक्टरांना हाक मारा. नंतर दहा-पंधरा मिनिटं झोपूनच ठेवायचं.

भाषेबद्दलही लिहायला हवं. आपल्याकडे सिस्टर बागलकोटची असते, टेक्निशियन गोकाकचा, कधी सिस्टर केरळची, आणि समोर जांबोटीची मावशी जिला मराठीशिवाय काही येत नाही. कुणी वाईट नसतं, पण मावशी ‘‘डोळ्यापुढं अंधार यायलाय’’ म्हणते आणि समोरचा मान हलवून पुढच्या कामाला लागतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की आता आमच्या पेशंटना वहीच्या पानावर चिठ्ठी लिहून देते, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत: रक्त देताना चक्कर येते, झोपवून घ्या, डाव्या हाताची शीर मिळते, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे किंवा नाही, दोनच वेळा टोचा. आईंना दोन वाक्यं पाठही करून द्या. ‘‘नंग चक्कर बरतैति, मलगिसि रक्त तगोळ्री.’’ म्हणजे मला चक्कर येते, झोपवून रक्त घ्या. आणि हात पुढे करून ‘‘ई कैयाग नर सिगतैति,’’ या हातात शीर मिळते. पेशंटने स्वतः शीर दाखवली की माझं निम्मं काम होतं. पूर्वी कुठून मिळालं हे आईंना आमच्यापेक्षा नक्की माहीत असतं.

सुई निघाल्यावर हात सरळ ठेवून कापूस तीन ते पाच मिनिटं दाबायचा, गोळीने रक्त पातळ असेल तर दहा. कोपर दुमडून कापूस अडकवायची सवय सगळ्यांना आहे, हात काळानिळा होण्याचं ते एक मोठं कारण. चोळायचं नाही, त्या दिवशी त्या हाताने घागर, बादली, बाजाराची पिशवी उचलायची नाही. डाग निळा, हिरवा, पिवळा होत दोन आठवड्यांत जातो. सूज वाढली, लाल होऊन ताप आला किंवा बोटं बधिर राहिली तर दाखवा.

पण ताई, मला शंका आहे की आईंची खरी भीती सुईची नाही. बारा वर्षं त्यांनी सुया सोसल्या. मग आताच ‘मेले तरी चालेल’ का? अशा बायांशी मी रक्त घेताना बोलते, आणि चार वाक्यांनंतर दुसरंच निघतं. शेजारची कुणी डायलिसिसला जायला लागलेली असते. मागच्या रिपोर्टवर कुणीतरी घरात रागावलेलं असतं, ‘‘भात सोड म्हटलं होतं ना!’’ रिपोर्ट म्हणजे त्यांना परीक्षेचा निकाल वाटतो, आणि नापास झालं की सगळ्या घरासमोर. सुईवर रुसणं सोपं असतं, कारण सुई दिसते. तर तुम्ही आईंना एकदा विचारा, रिपोर्टमध्ये काय निघेल असं वाटतं? त्यांना बोलू द्या, मध्ये समजूत घालू नका. आणि दोन गोष्टी ठरवा. रिपोर्ट आधी कोण वाचणार, तुम्ही की डॉक्टर? आणि आकडा वाढलेला निघाला तरी त्या दिवशी घरात जेवणावरून कुणी बोलणार नाही. हे दुसरं भावाला आणि वहिनीलाही सांगा.

बीपी तपासतानाही हीच गोष्ट होते. धावत येऊन बसलं की बीपी वाढलेलंच येतं, आणि आई आणखी घाबरतात. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसल्यावरच पट्टा बांधायला सांगा. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या.

तुमच्या मुलाबद्दलही एक ओळ होती, तो पाच वर्षांचा आहे आणि आजीचं बघून सुईला घाबरतो. त्याला ‘गप्प बस नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका. आणि ‘दुखणार नाही’ असंही सांगू नका. थोडं टोचेल, दहा आकडे मोजेपर्यंत संपेल, एवढं खरं सांगा आणि मांडीवर धरून बसा. लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं क्रीम डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावता येतं. ते आईंनाही चालतं.

आता लगेच घाई करू नका. हाताचा डाग अजून उरला असेल तर पूर्ण जाऊ द्या, पुढच्या वेळी दुसरा हात वापरायचा. दरम्यान डॉक्टरांकडे एकट्या जा, जुने रिपोर्ट दाखवा आणि सगळ्या तपासण्या एकाच वेळी, एकाच टोचण्यात होतील अशी एक चिठ्ठी घ्या, नाहीतर खानापुरात एकदा आणि बेळगावात पुन्हा असं होतं. उपास नको असं डॉक्टर म्हणाले तर आईंना दुपारी बाराच्या पुढे आणा. त्या वेळी सकाळची गर्दी ओसरलेली असते, खाट रिकामी असते, आणि रक्त घेणाऱ्यालाही हातावर बोट ठेवून शीर शोधायला निवांतपणा असतो.